यादीत नसलेला गेरू

मला एका जागी बसता येत नाही. जेवताना मी दोनदा उठतो, वर्गात खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारतो, आणि बसमध्ये जागा रिकामी असली तरी दाराजवळ उभा राहतो. एकदा कंडक्टरनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "गुरुजी, मूळव्याध झाली का काही?" मी सौसरच्या शाळेत भूगोल शिकवतो आणि राहतो पांढुर्ण्याला. रोजचं अप-डाउन. आम्ही सीमेपलीकडच्या हिंदी राज्यातले मराठी, म्हणून वर्गात हिंदीत शिकवतो, घरी मराठीत रागावतो.

या चुळबुळ्या स्वभावापायी माझ्या हातून मुलीच्या कामाचं वाटोळं होत होतं, आणि ते तिला सांगायला मी अकरा दिवस लावले. चुकीचं मला फारसं वाईट वाटत नाही, चूक कोणाकडूनही होते. त्या अकरा दिवसांचं वाटतं.

मुलगी एकुलती एक. ती दुसऱ्या राज्यात राहून धुळीवर पीएच.डी. करते. तिनं हा विषय पहिल्यांदा सांगितला तेव्हा मी हसलो होतो. माझा बाप दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागांत मजुरी करत गेला, आईनं जिनिंगमध्ये कापसाचा कचरा झाडला. धुळीचा अभ्यास आमच्या घरात आधीच पुष्कळ झालेला होता. मग तिनं माझ्याच वहीच्या मागच्या पानावर मला शिकवायला घेतलं.

"वाळवंटातली धूळ वर उडते, हे तुम्ही पोरांना सांगता बाबा. पण ती खाली कुठं येते, हे सांगता का?"

तिनं सहारा काढला, अरबस्तान काढलं. वर कमी दाबाचा एक भोवरा काढला आणि त्याच्या बाजूला जास्त दाबाचा एक मोठा गोल. हा गोल कधीकधी आठवडाभर जागचा हलत नाही, घोरपडीसारखा चिकटून बसतो. मग भोवरा आणि गोल या दोघांच्या मधून एक वाट तयार होते आणि दक्षिणेची गरम, दमट हवा त्या वाटेनं उत्तरेकडे धावत सुटते. तिच्यासोबत धूळ. समुद्र आणि देश ओलांडत काही दिवसांत ती थेट ध्रुवाकडच्या बर्फावर जाऊन पडते. पांढऱ्या बर्फावर तपकिरी थर बसला की बर्फ ऊन जास्त पितो आणि लवकर वितळतो. मे महिन्यात आमच्याकडे आभाळ पिवळं पडतं, दाताखाली करकर लागते, ती धूळही अशीच वाऱ्यावर बसून राजस्थानातून, कधी त्याच्याही पलीकडून येते, असं ती म्हणाली. मी इतकी वर्षं वारे शिकवत होतो, पण वाऱ्याच्या पाठीवर कोण बसलं आहे हे मला कोणी विचारलं नव्हतं.

"आणि बर्फावर पडलेली धूळ कुठली, हे कसं कळतं?" मी विचारलं.

"प्रत्येक धुळीची ओळख असते. त्यात लोह किती, चुना किती, कण केवढा, यावरून कळते."

"म्हणजे तिथंही जात विचारतात?"

आमच्या घरात हा प्रश्न विनोद म्हणून विचारला तरी तो पूर्ण विनोद नसतो, हे तिला ठाऊक आहे. ती म्हणाली, "जात नाई बाबा. गाव विचारतात फक्त."

ओळख पटवायला ठिकठिकाणची धूळ लागते. त्यासाठी तिनं आमचीही बाग निवडली. पश्चिमेकडची वाळवंटी धूळ इथवर पोचते का, हे तिला बघायचं होतं. पोचत असेल तर तिच्या नकाशातली एक रेघ लांबणार होती आणि तिच्या मार्गदर्शक बाईंच्या पुढच्या मोहिमेत तिची जागा पक्की होणार होती. मोहीम म्हणजे उत्तरेला, जिथं उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही अशा एका बर्फाळ बेटावर दोन-तीन महिने राहायचं आणि बर्फातली धूळ गोळा करायची.

बाग म्हणजे तिगावच्या वाटेवरची संत्र्याची सव्वाशे झाडं. पंपघराच्या सपाट छतावर तिनं एक ट्रे ठेवला, त्यात काचेच्या गोट्यांचा थर. धूळ गोट्यांच्या फटीत बसते आणि वाऱ्यानं पुन्हा उडत नाही. शेजारच्या बागवाल्यानं गावभर सांगितलं की गुरुजी या वयात गोट्या खेळून राहिले. पंपघराच्या दारावर तिनं स्वतःच्या हातानं यादी लिहून चिकटवली. जवळ काडीकचरा जाळायचा नाही. वखरणी नाही. कोरडं झाडायचं नाही. गाडी आणायची नाही. बिडी नाही. मी यादी दोनदा वाचली आणि तिच्यासमोर होय म्हटलं.

यादीत गेरू नव्हता. असणार कसा? आमच्याकडे संत्र्याच्या झाडाला वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळा सरल्यावर, चुना आणि गेरू कालवून लावतात. बुंधा मांडीइतक्या उंचीपर्यंत लाल करायचा, म्हणजे कीड आणि कूज लागत नाही. दुरून बघितलं तर सगळी बाग लाल पायजमा घालून उभी असते. गेरू हे आमच्या लेखी झाडाचं औषध आहे. त्याला धूळ म्हणणं म्हणजे हळदीला माती म्हणण्यासारखं. मुलगी याच गेरूत खेळत मोठी झाली, पण तिच्याही डोक्यात आलं नाही आणि भूगोल शिकवणाऱ्या तिच्या बापाच्याही नाही.

आणि गेरू मी स्वतः लावतो, मजूर लावत नाही. माझा बाप मे महिना आला की दुसऱ्यांच्या झाडांना गेरू लावायला जायचा. घरी यायचा तेव्हा कोपरापर्यंत लाल. भाकरीला लाल बोटं उठायची. स्वतःचं एकही झाड नसताना गेला. म्हणून माझ्या झाडांना मी हात लावतो. मे लागला की मला राहवतच नाही. त्या वर्षीही मी पंपघराच्या ओट्यावर, पाणी जवळ म्हणून, गेरूची पोती सोडली, चुना ओतला, आणि भर वाऱ्यात कालवत बसलो. डोक्यावर छत, छतावर ट्रे.

जूनमध्ये ती येऊन ट्रे घेऊन गेली. गणपती झाले आणि तिचा फोन आला. आवाज इतका उंच की बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, काय झालं. आपल्या बागेच्या धुळीत लाल लोह आणि चुना भरपूर सापडला होता, अगदी वाळवंटी धुळीत असतो तसा. तिच्या बाई खूश होत्या. मोहिमेच्या यादीत तिचं नाव लागलं होतं.

"बाबा, आपल्या बागेपर्यंत येते ती धूळ!" ती म्हणाली.

मी "वा" म्हटलं. मनात म्हटलं, गेली पोरगी.

इथं एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर पुढचं कळणार नाही. ती एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना मला तिची फार आठवण यायची. एका रविवारी मी फोन करून सांगितलं की तुझ्या आईच्या छातीत दुखतं आहे, तू ये. ती परीक्षा सोडून पहिल्या गाडीनं आली. आई अंगणात पापड वाळत घालत होती. मुलीनं बॅग खाली ठेवलीसुद्धा नाही. पाणी प्यायली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. त्यानंतर चार महिने ती माझ्याशी बोलली नाही. पुढे बोलायला लागली, पण मी काहीही सांगितलं की ती म्हणायची, आईला फोन द्या. बाजारात कांदा महाग झाला म्हटलं तरी आईला फोन द्या.

ऑक्टोबरात पावसाळा सरल्यावरचा गेरू लावायला मी बागेत गेलो. तोच ओटा, तीच पोती. पोतं सोडलं आणि वाऱ्याची एक झुळूक आली. लाल पूड उठली, भिंतीवरून वर गेली आणि छतावर उतरली. मी हातात खुरपं घेऊन वर बघत राहिलो. मग शिडी लावून चढलो. ट्रे जिथं होता तिथली जागा चौकोनी आणि स्वच्छ होती आणि तिच्या भोवती चारी बाजूंनी, फटीफटीत, पाऊस खाऊनही उरलेला लालसर थर होता. बोट लावून बघायची गरज नव्हती. मी लहानपणापासून तो रंग ओळखतो. तरी बोट लावलं.

वाळवंट माझ्या पोत्यातून आलं होतं.

त्या दिवशी मी एकाही झाडाला हात लावला नाही. घरी आलो आणि येरझारा सुरू केल्या. सांगावं तर तिचं नाव मोहिमेतून जाणार. न सांगावं तर ती खोट्या धुळीवर उभी राहणार, जगासमोर मांडणार आणि उद्या कोणीतरी ती पाडणार. यातलं काय बरोबर ते मला पहिल्या मिनिटाला ठाऊक होतं. घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं होतं. ती जाऊ नये असं मला वाटत होतं, आणि आता तिला थांबवील असं सत्यच माझ्या हातात आलं होतं. मी सांगितलं की तिला वाटणार, बापानं पुन्हा आईच्या छातीत दुखवलं.

बसमध्ये मी रोज ठरवायचो. वाटेतलं बोरगाव आलं की फोन काढायचा. नंबर लावायचा, घंटी वाजायच्या आत कापायचा, गाडी हलली की खिशात ठेवायचा. सौसरला उतरून वर्गात जायचं आणि पोरांना वारे शिकवायचे. एका तासाला मी फळ्यावर उत्तर दिशा खाली काढली. कोणी बोललं नाही. मीच घंटा झाल्यावर बघितलं.

नवव्या का दहाव्या दिवशी बायको चिडली. "काहून फरशी झिजवून राहिले? बसा नं एका जागी."

मी तिला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात न थांबवता ऐकत होती.

"मंग सांगून द्या नं तिले."

"तिला वाटेल मी तिला अडवून राहिलो."

"तुम्हाले अडवायचं नाई का?"

तिनं मेथीची जुडी झटकली. "अडवायचं असलं तरी खरं ते खरंच राहते. तुम्ही आपल्या मनाचं कायले बघता? तिच्या कामाचं बघा."

अकराव्या दिवशी मी शाळा सुटल्यावर बसस्टँडवर उभा राहून फोन केला. गेरू, ओटा, वारा, छत, गप्प राहिलेले अकरा दिवस, सगळं एका दमात सांगितलं. मागं एसटीवाला नागपूर-नागपूर ओरडत होता.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही खरं सांगून राहिले का?"

"खरं."

"आईला फोन द्या."

"मी सौसरला आहे, बेटा."

तिनं फोन ठेवला. पांढुर्ण्याला पोचेपर्यंत तासाभराहून जास्त वेळ लागतो. तो तास मी दाराजवळच उभा होतो, पण त्या दिवशी बसायला जागाही नव्हती, म्हणून कोणी काही म्हणालं नाही. घरी आलो तेव्हा त्यांचं बोलणं होऊन गेलं होतं. बायको एवढंच म्हणाली की ती गेरू मागवून राहिली. मी त्याच पोत्यातला मूठभर गेरू आणि डब्यातला चुना वेगवेगळ्या पुड्यांत बांधला, वर नावं लिहिली आणि कुरिअर केला.

दोन आठवड्यांनी फोन आला. जुळला होता. कणाकणानं जुळला होता.

"मी बाईंना सांगितलं," ती म्हणाली. "आपला निकाल मागं घेतला. यंदा माझं नाव नाही."

मला वाईट वाटलं आणि त्याच क्षणी बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. तिन्ही एकदम आलं. मी म्हटलं, "तुझा विश्वास बसला का माझ्यावर, की गेरू तपासल्यावर बसला?"

"आधीच बसला होता. खोटं बोलायचं असतं तर तुम्ही अकरा दिवस लावले नसते. आईच्या छातीत दुखतं म्हणाले तेव्हा तर मी हॅलो म्हणायच्या आधी तुम्ही बोलले होते."

मग ती म्हणाली की ट्रे पुन्हा ठेवायचा. मी म्हटलं, माझ्याच्यानं होत नाही, कोणा शांत माणसाकडे ठेव. ती म्हणाली, "नाही. तिथंच ठेवायचा आणि तुम्हीच सांभाळायचा." या वेळी यादी तिनं मला लिहायला लावली. पहिली ओळ मी लिहिली, गेरू नाही.

तो मे महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. सगळ्या बागा लाल झाल्या आणि माझी झाडं उघडी. शेजारचा बागवाला रोज कुंपणाशी येऊन म्हणायचा, "गुरुजी, औंदा पायजमे धुवायले टाकले का?" दोन झाडांना कुजीचा डिंक फुटला. तो डोळ्यांनी बघत राहायचं आणि हात लावायचा नाही. मी पंपघरापासून लांब, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीखाली बसायला शिकलो. आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास. बायको म्हणाली, पोरीनं बापाले बसवलं, आमच्याच्यानं नाई झालं.

महिन्याच्या शेवटी एका दुपारी पश्चिमेकडून आभाळ पिवळं पडत आलं. वारा सुटला. सूर्य पितळी ताटलीसारखा दिसायला लागला आणि दाताखाली करकर आली. ट्रे उडून जाईल का, छतावर पाला पडेल का, मधे जाऊन धरू का, असं दहा वेळा मनात आलं. मी बाभळीचं खोड धरून बसून राहिलो. बसल्या बसल्या मला पहिल्यांदा त्या धुळीचा प्रवास दिसला. कुठून उठली, कोणत्या दोन दाबांच्या मधून निसटली, कोणाच्या शेतावरून आली. तिच्यातली थोडी इथं उतरणार होती आणि तिच्यासारखीच दुसरी कुठली तरी त्याच दिवशी वर, बर्फाकडे निघाली असणार. तिला कोणी आईच्या छातीत दुखतं म्हणून परत बोलवत नव्हतं.

या वेळचा निकाल फोनवर साध्या आवाजात आला. बहुतेक आपलीच काळी माती, आणि त्यात चिमूटभर बाहेरची, बारीक. "थोडी आहे बाबा, पण खरी आहे." तेवढ्यावर तिचं नाव पुन्हा लागलं. तिच्या बाईंनी म्हणे सांगितलं की आपला निकाल आपण मागं घेणारी मुलगी मला तिथं पाहिजे.

जायच्या आधी ती चार दिवस घरी आली. तिथं नेण्याच्या प्रत्येक वस्तूवर नियम होते. बाहेरची माती, बी, गवताची काडी काहीही त्या बेटावर जाता कामा नये, आणि तिच्या कामात तर इथला एक कणसुद्धा नको. बॅग ब्रशनं घासली, कपडे दोनदा धुतले, बूट साबणानं धुऊन गच्चीवर उलटे टांगले. आईनं लोणचं दिलं ते तिनं इथंच खाल्लं. निघायच्या दिवशी सकाळी मात्र ती म्हणाली, एकदा बागेत जाऊन येते. मी नको म्हटलं. ती गेलीच, घाईत तेच धुतलेले बूट घालून.

स्टेशनवर गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर तिनं पाय वर करून बघितला आणि तिचा चेहरा उतरला. बुटाच्या तळाच्या खाचांत आमची काळी माती बसली होती, आदल्या दिवशी मी बागेला पाणी दिलं होतं म्हणून ओली. "आता काय करू?" ती म्हणाली, अगदी लहान असताना म्हणायची तसं.

"काढ बूट," मी म्हटलं.

"नाही बाबा, तुम्ही नका, मी करते."

मी बूट ओढून घेतला. नळावर रुमाल ओला केला, बाभळीचा एक काटा शोधला आणि बाकावर बसलो. एकेक खाच काट्यानं उकरायची, मग रुमालानं पुसायची. बायको बाजूला उभी राहून बघत होती. मुलगी अनवाणी पाय बाकावर घेऊन बसली होती. मला उठावंसं वाटलं नाही. ज्या पोरीला मी खोटं बोलून घरी ओढलं होतं, तिच्या बुटातून मी आमचं घर कण कण काढत होतो, आणि एकही कण राहू नये म्हणून उजेडाकडे धरून बघत होतो. रुमाल काळा झाला. दुसरा बूट संपला तेव्हा गाडीची घोषणा झाली.

ती बूट घालून चढली. दारात उभी राहिली, आईशी बोलली, मग माझ्याकडे वळली.

"बाबा, आईची तब्येत बिघडली तर मला फोन करा. मी आईला फोन द्या म्हणणार नाही."

गाडी हलली. मी हात वर केला, त्यात तो काळा रुमालच होता. बायको तो धुवायला मागते. मी अजून दिलेला नाही.